तुम्ही विचारलंत म्हणून: एल्फिन्स्टनच का?

"ज्यानं पेशवाई बुडवली त्या गोऱ्या साहेबाचं आयुष्य उकरून तुम्हाला मिळतं काय?" व्याख्यान संपल्यावर, लग्नाच्या पंगतीत, अगदी घरातसुद्धा हा प्रश्न मला येतो. विचारणाऱ्याच्या मनात राग असतो आणि तो राग मला मान्य आहे. म्हणून एकदा नीट लिहून सांगतो.

आधी एक गोंधळ दूर करतो. प्रभादेवी स्टेशनचं जुनं नाव या एल्फिन्स्टनचं नव्हे. ते त्याच्या पुतण्याचं, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचं. तो १८५७ च्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता. मी ज्याच्या मागे आहे तो काका, माउंटस्टुअर्ट. १७९६ मध्ये सोळा वर्षांचा पोरगा म्हणून हिंदुस्थानात उतरला, १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. मुंबईतलं कॉलेज याच्या नावाचं.

मी यात पडलो ते १८१९ च्या अहवालामुळे. पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाबद्दल त्यानं वरिष्ठांना पाठवलेला अहवाल. जिंकणारा लिहितोय म्हणजे आपल्या कारभाराची निंदाच असणार, या समजुतीनं मी तो उघडला. निंदा आहेच. पण पंचायतीच्या न्यायाचे दोष एकेक करून मांडल्यावर तो लिहितो, की एवढं सगळं असून हा मुलूख भरभराटीत होता आणि आमच्या जास्त नीटस राज्यात असलेल्या काही त्रासांपासून इथली माणसं मुक्त होती. दोन वर्षांपूर्वी खडकीच्या लढाईच्या दिवशी याच माणसाची संगमावरची रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली होती, त्यात त्याची पुस्तकं आणि कागद गेले होते. त्यानंतर हे वाक्य. मी ते तीनदा वाचलं.

पंचायत टिकवायची असं तो म्हणत राहिला. १८२७ चा कायदासंग्रह त्याच्याच काळातला, आणि अदालती बसल्या तशी पंचायत निस्तेज होत गेली. आपण काय मोडतोय हे त्याला दिसत होतं. अडाणी किंवा निव्वळ क्रूर माणूस असता तर मी एवढी वर्षं घालवली नसती. क्रौर्यही होतंच. पुण्या-साताऱ्यातल्या इंग्रजांना मारण्याचा कट उघडकीला आला तेव्हा त्यानं म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं. पुढे कायद्याचं संरक्षण मागून घे असा सल्ला मिळाला, तोही त्यानं नाकारला: चुकलो असेन तर शिक्षा व्हावी, बरोबर असेन तर संरक्षण कशाला. त्याचे चाहते हा किस्सा कौतुकानं सांगतात. मला त्यात तोफेपुढची माणसं दिसतात.

सगळ्यात जड गेलं ते १८२४ चं शिक्षणावरचं टिपण. शाळा काढा, मराठी-गुजराती पुस्तकं छापा, शिक्षक तयार करा, असं सगळं त्यात आहे. आणि मग तो सांगतो की मिशनऱ्यांना खालच्या जातींतली मुलंच सर्वांत चांगले विद्यार्थी वाटतात, पण त्यांना खास उत्तेजन देताना जपून. शिक्षण आधी तिथं रुजलं तर ते वर कधी पसरायचंच नाही. म्हणजे ती मुलं हुशार आहेत हे त्याच्यासमोर होतं. तरी त्यानं हात आखडला. तिकडे विश्रामबाग वाड्यात ब्राह्मणांसाठी संस्कृत पाठशाळा १८२१ मध्येच, पेशवे ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेच्या पैशातून, उभी राहिली होती. त्या वाड्यापासून भिडे वाड्याची जागा चालत काही मिनिटांवर आहे. फुल्यांनी तिथं मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. मी ते अंतर चालून पाहिलंय, आणि दर वेळी त्या टिपणातलं 'जपून' आठवतं.

आता "मिळतं काय" याचं उत्तर. आज आपल्याकडे कोर्टात कोणाला काय समजतं, शाळेत आधी कोण बसलं आणि कोण मागून आलं, यातलं बरंच त्या आठ वर्षांत ठरलं. ठरवणारा काय जाणत होता हे मला कळायला हवं. शहाण्या माणसानं डोळे उघडे ठेवून केलेल्या अन्यायाचा हिशोब मांडायला जास्त मेहनत लागते, आणि तो मांडणं मला माझं काम वाटतं.

अडचण एकच. त्याचे कागद लंडनला, स्वच्छ इंग्रजीत, सूची लावून ठेवलेले. ज्यांच्यावर तो राज्य करत होता त्यांचे पुण्याच्या पुराभिलेखागारात, रुमालांत बांधलेले, मोडी लिपीत. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. लिहिणारा टाक न उचलता ओळ ओढत गेलेला असतो. नुसत्या इंग्रजी कागदांवर त्याचं चरित्र लिहिलं तर ते त्यानंच लिहिल्यासारखं होईल, म्हणून मी तीन वर्षं मोडी शिकलो.

सध्या एका जमिनीच्या तंट्याचे बंद, म्हणजे कागदाचे ताव, वाचतोय. वादी-प्रतिवादींची नावं लागली, पंचांची लागली. निवाड्याच्या ओळी असलेला कोपरा वाळवीनं खाल्लाय. त्याच गावाचा दुसरा रुमाल मागवलाय, सोमवारी हातात येईल.