पिकअपचं पुढचं उजवं हब उघडलं

मागच्या नोंदीत पुढून येणारी घरघर टायरची असावी असं लिहिलं होतं. ती टायरची नव्हती. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकले, तरी आवाज होता तिथेच. खरं काय ते घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या वळणांवर कळलं. गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकावर येतं, आणि नेमकी तेव्हाच घरघर वाढायची. उजवीकडे वळलं की जवळजवळ बंद. चाळीसच्या आसपास तर ती पायाखालच्या पत्र्यातही जाणवत होती.

शनिवारी सकाळी मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून खाली स्टँड दिले. चाक वर आणि खाली धरून हलवलं, तर चांगलीच ढिलाई. इथे लगेच बेअरिंगवर शिक्का मारू नये, कारण आपल्या जुन्या रिजिड ॲक्सलवर किंगपिन (चाक ज्यांवर डावी-उजवीकडे वळतं ते खुंटे) झिजले तरी चाक असंच हलतं. भाच्याला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबला की ढिलाई गायब. म्हणजे बेअरिंगच. ब्रेक दाबूनही चाक हललं असतं, तर काम किंगपिनचं निघालं असतं आणि ते मोठं होतं.

आधी चाक काढलं, मग ड्रम, सर्क्लिप (स्प्रिंगसारखी अडकवणारी कडी), मग ड्राइव्ह फ्लँजचे, म्हणजे चाकाला इंजिनचा जोर देणाऱ्या चकतीचे, सहा बोल्ट. फ्लँज निघाली की समोर दोन मोठे नट आणि मध्ये लॉक वॉशर. हे नट २ १/१६ इंचाचे असतात, त्यासाठी खास बॉक्स पानाच हवा. आधी कुणीतरी छिन्नी-हातोड्याने ते फिरवले होते, कडा चेचल्या होत्या. ते बघून खूप वाईट वाटलं. बाहेरचा नट तर बदलावाच लागला.

हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गाभा, ओढून बाहेर काढलं आणि कारण समोरच होतं. आतलं ग्रीस तपकिरी, दुधाळ, चहात बिस्किट विरघळल्यासारखं. पाणी गेलं होतं. जुलैत मुरबाडकडे शेतावर जाताना ओढ्यातून गाडी काढली होती, तीही लांबचा रस्ता तापवून आल्यावर लगेच. तापलेलं हब थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते, आणि सील थकलेलं असेल तर पाणी आत खेचलं जातं. माझ्या सीलची ओठासारखी कड कडक होऊन चिरली होती. आता ओढ्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबून हब निवू देणार.

बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन उन्हात पाहिलं. बेअरिंगची आतली कडी म्हणजे कोन, बाहेरची म्हणजे कप. कोनवर, विशेषतः खालच्या बाजूला, खवले निघालेले. हबबरोबर कप फिरतो, कोन मात्र स्टब ॲक्सलवर (हब ज्यावर फिरतं त्या न फिरणाऱ्या दांड्यावर) जवळजवळ स्थिर असतो, त्यामुळे गाडीचं ओझं कोनच्या खालच्या भागावरच पडत राहतं. कपवर गंजाचे बारीक खड्डे होते. नशिबाने स्टब ॲक्सल बचावला. बोटाने चाचपला, बारीक पॉलिश पेपर फिरवला, नखाला अडेल असं काही नव्हतं.

खरेदी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात जिथून झाली, त्या भागात बेअरिंगवाले कारखान्यांच्या मशिनसाठी बसलेले. गाडीचं नाव सांगायला लागलो तर दुकानदार म्हणाले, "नंबर सांगा." कोनवर १८५९० आणि कपवर १८५२० असं कोरलेलं होतं. विलीज जीपपासून चालत आलेला हाच जोड: आतला व्यास १ ५/८ इंच, बाहेरचा २ ७/८ इंच. माझ्या हबमध्ये आतलं आणि बाहेरचं बेअरिंग एकच, म्हणून दोन जोड आणि एक सील घेतलं. जुना कप ठेवून नुसता नवा कोन बसवायचा मोह टाळा. खड्डे पडलेल्या कपवर नवे रोलर काही महिन्यांत खराब होतात.

जुने कप पितळी पंचाने समोरासमोर थोडे थोडे ठोकत काढले. नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते. ते ठोकून बसवताना वर टेकवायला जुना कपच वापरला, फक्त त्याची बाहेरची बाजू ग्राइंडरवर थोडी घासून घेतली, म्हणजे तो आत अडकत नाही. कप तळाशी टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बसका होता तो एकदम टणक होतो. तो ऐकेपर्यंत थांबायचं नाही.

ग्रीस तळहातावर घेऊन कोनची रुंद बाजू त्यात दाबत राहिलो, रोलरांमधून दुसऱ्या बाजूला बाहेर येईपर्यंत. वरून फासलेलं ग्रीस रोलरांपर्यंत पोचत नाही.

आता ज्यासाठी ही नोंद लिहितोय ते. आतला नट हब फिरवत फिरवत, हब जड लागेपर्यंत आवळला, म्हणजे रोलर जागेवर बसले. मग साधारण एक षष्ठांश फेरा सैल केला. चाक हाताने मोकळं फिरायला हवं, पण वर-खाली हलता कामा नये. त्यानंतर वॉशर, बाहेरचा नट, आणि पुन्हा तपासणी. बाहेरचा नट आवळताना पहिली सेटिंग बिघडते. माझी दोनदा बिघडली, तिसऱ्यांदा जमली. मगच वॉशरची कड नटावर वाकवली. टेपर (निमुळता) रोलर वजन आणि वळणाचा आडवा जोर दोन्ही घेतो, पण ही जागा बरोबर असेल तरच. घट्ट राहिला तर तापून निळा पडतो, सैल राहिला तर कपवर आदळत राहतो.

ब्रेक शूवर ग्रीस लागलं नाही ना, हेही पाहून घेतलं.

संध्याकाळी कोलशेतहून गायमुखपर्यंत जाऊन आलो. "मामा, आता फक्त इंजिनच ऐकू येतंय," भाचा म्हणाला. उतरल्यावर दोन्ही हबना हात लावून पाहिला. उजवं कोमट, डावं त्याहून जरा जास्त गरम. पुढच्या शनिवारी डावं उघडतोय. घासलेला जुना कप त्यासाठी डब्यात जपून ठेवला आहे.