तुम्ही विचारलंत म्हणून: गालावरच्या वांगांबद्दल

लग्न असो की हळदीकुंकू, प्रश्न ठरलेला. 'वांग गेले नाहीत अजून? काही लावत नाहीस का? मेडिकलमधून ट्यूब आण, महिन्यात साफ.' त्या ट्यूबबद्दलच आज सांगते.

पाचवा महिना होता आणि जळगावचा एप्रिल. दोन्ही गालांवर वांग उठले. मोठ्या जाऊबाईंनी मायेनं त्यांची ट्यूब आणून दिली. मायेनंच, हे आधी लिहून ठेवते. मी खोका वाचला : रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन २ टक्के, 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, वर मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. विकायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, पण मागितली की मिळते. मी म्हटलं, 'बाई, पोटात बाळ असताना हे लावत नाहीत.'

स्वयंपाकघर गप्प झालं. सासूबाईंच्या बहिणीनं विचारलं, 'आमले काय व्हयनं?' जाऊबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'मंग मी मना पोरले जहर दिधं का?'

त्यांनी त्यांच्या वेळी हीच ट्यूब लावली होती. मला ते माहीत नव्हतं. पोरगा दारात उभा, हातात केळं, धडधाकट.

मी मग डॉक्टरांसारखी बोलू लागले. हायड्रोक्विनोन लावलं की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कातडीतून अंगात उतरतं. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी गर्भात व्यंग आणते हे पक्कं आहे, आणि ट्रेटिनॉइन त्याच घराण्यातलं. सगळं खरं. पण तिथं कुणी औषधशास्त्र विचारलंच नव्हतं. जाऊबाईंनी ट्यूब उचलली आणि त्या कणीक मळायला बसल्या. त्यानंतर माझ्याशी त्या कामापुरतंच बोलतात.

तेव्हा मला वाटलं, बरोबर बोलले, विषय संपला. आज त्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, भांडते. अगं, गोळीचं पक्कं आहे. चेहऱ्याला लावलेलं ट्रेटिनॉइन रक्तात फारच थोडं जातं, त्यानं बाळांना नक्की इजा होते असं सिद्ध झालेलं नाही. डॉक्टर नको म्हणतात ते वांगासाठी जोखीम कशाला, एवढ्यासाठी. हे वाक्य तिथं बोलायला हवं होतं? बहुतेक. त्यानं जाऊबाईंचा राग गेला असता? मला नाही वाटत. आणि ट्यूब तरीही मी लावली नसतीच.

पार्लरमधल्या बिनानावाच्या गोऱ्या करणाऱ्या डब्यांबाबत मात्र मी नरम होणार नाही. त्यात पारा निघतो. २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून जास्त चालत नाही. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला अशा क्रीमांमुळे मूत्रपिंडाचे रुग्ण सापडले. 'घरगुती' म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांनीही मला शहाणपण शिकवू नये.

मी काय लावत होते? झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, खोबरेल, आणि बाहेर पडताना तोंडाला घट्ट ओढणी. बाळंतपणानंतर निम्मे वांग फिके झाले, निम्मे आहेत. अंगावरचं दूध सुटलं की डॉक्टरांना विचारून काही लावेन, किंवा नाही लावणार. ठरलेलं नाही. पुढच्या लग्नात पुन्हा विचाराल तेव्हा फक्त एवढं करा, जाऊबाई शेजारी असताना विचारू नका.