आमची वाटचाल : कुपवाडची शेड आणि झायलोज खाणारं यीस्ट

यीस्ट पुरवायचा धंदा आम्ही सुरू केला २००४ ला. त्याहून वाईट साल शोधून सापडलं नसतं. लोकरी माव्याने सांगली जिल्ह्यातले उसाचे फड पांढरे करून टाकलेले, वर दुष्काळ, कारखाने हंगाम लवकर आटोपत होते. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण नुकतं आलेलं आणि ते इथेनॉल ज्यापासून करायचं, ती साखर कारखान्याची मळी नाही. नेमकी तीच वेळ साधून अण्णांनी डिस्टिलरीतली चीफ केमिस्टची नोकरी सोडली आणि मला म्हणाले, "हिशेब तू बघ, यीस्ट मी बघतो." कुपवाड एमआयडीसीत भाड्याने शेड घेतली. काम काय, तर डिस्टिलऱ्यांना स्लँट (काचेच्या नळीत जपलेलं मूळ यीस्ट) आणि ताजं यीस्ट पुरवायचं, आणि एखादा फर्मेंटर (आंबवायची टाकी) बसला की रात्री-अपरात्री जाऊन तो उठवून द्यायचा.

अण्णांची हत्यारं दोन. एक जुना मायक्रोस्कोप. त्याचा फाइन फोकसचा स्क्रू घसरायचा, म्हणून अण्णांनी त्यावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा चढवला होता. तो पट्टा अजून आहे. नवा बायनॉक्युलर आला तरी मोजणीच्या काचेवरचं यीस्ट अण्णा जुन्यातूनच बघत. नमुन्यात मिथिलीन ब्लू मिसळायचं, थेंब काचेवर सोडायचा, चौकटी मोजायच्या. निळ्या पेशी मेलेल्या, बिनरंगी जिवंत. निळ्या जरा जास्त दिसल्या की भरलेला कॅन ओतून द्यायला लावायचे. तोट्याचं गणित मी मांडायला लागलो की म्हणायचे, "मेलेलं यीस्ट विकायचं असेल तर माझं नाव पाटीवरून काढ." दुसरं हत्यार त्यांचं नाक. त्याबद्दल पुढे सांगतो.

२००७ ते २०१७ नीट चाललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने बगॅस (उसाचं चिपाड), पाचट, भाताचा पेंढा यांच्यापासून इथेनॉल करायला जोर दिला आणि चिपाडातली साखर एकदम सगळ्यांना दिसायला लागली. आमच्या धंद्यातल्यांना ती आधीपासून माहीत होती. अडचणही माहीत होती. बगॅसमधली सुमारे एक तृतीयांश साखर म्हणजे झायलोज, आणि आपलं नेहमीचं यीस्ट त्याला तोंड लावत नाही. ग्लुकोज संपवून गप्प बसतं. झायलोज तसाच स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्यात जातो, उतारा (निघणारं इथेनॉल) पडतो आणि सीओडी (सांडपाण्याच्या प्रदूषणाचं माप) वाढतो. प्रकल्प अहवालात हा आकडा बारीक अक्षरात असतो.

यावर जगात बरंच काम झालं होतं. फ्लोरिडा विद्यापीठात इन्ग्रॅम यांनी ई. कोलाय जिवाणूत झायमोमोनास या दुसऱ्या जिवाणूची जनुकं घालून इथेनॉल काढलं. त्याला १९९१ साली मिळालेलं पेटंट अमेरिकेचं बरोबर पन्नास लाखावं. पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी यीस्टमध्येच झायलोज पचवणारी जनुकं बसवली. ती वाट दोन एन्झाइमांची, आणि त्या दोघांचं आपसात जमत नाही. एकाला लागणारं कोफॅक्टर (एन्झाइमचा मदतनीस रेणू) दुसरा परत करत नाही, मग बरीचशी साखर झायलिटॉल होऊन अडकते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या लोकांनी २००३ च्या सुमारास एका एन्झाइमची वाट काढली. त्याचं जनुक आलं पिरोमायसिस नावाच्या बुरशीतून, आणि ती बुरशी मिळाली होती भारतीय हत्तीच्या शेणात. अण्णांना ही गोष्ट फार आवडायची. कारखान्यांच्या चेअरमनसाहेबांनाही ते ती ऐकवायचे, मग साहेबांचं लक्ष आमच्या बिलापर्यंत पोचायचंच नाही.

एका पायलट प्लँटवाल्या (चाचणीचा छोटा प्रकल्प चालवणाऱ्या) कंपनीने तिचं जनुक बदललेलं यीस्ट आमच्याकडे 'तयार' करायला दिलं. जनुक घातलं म्हणजे काम झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हायड्रोलायझेटचा वास एकदा घ्यावा. आम्ल आणि वाफेतून काढलेलं बगॅसचं ते काळपट पाणी. त्यात अॅसेटिक आम्ल असतं, फरफ्युराल असतं. प्रयोगशाळेत स्वच्छ साखरेवर नाचणारं यीस्ट त्यात टाकलं की निपचित पडतं. त्याला सवय लावावी लागते. आधी पाण्यात थोडंसं हायड्रोलायझेट, मग थोडं जास्त, जगलेलं पुढच्या फ्लास्कमध्ये, पुन्हा थोडं जास्त. महिनोन् महिने हेच.

इथे अण्णांचं नाक कामाला आलं. फरफ्युरालला कडू बदामासारखा वास असतो. यीस्ट आधी त्याचाच निकाल लावतं, मग साखरेकडे वळतं. सकाळी इनक्युबेटर उघडून अण्णा एकेका फ्लास्कचा कापूस जरा सैल करून वास घेत आणि बदाम गेला की नाही ते वहीत लिहीत. एचपीएलसी यंत्रावरच्या तपासणीचे आकडे पुण्याहून यायचे आठवड्याने, आणि अण्णांच्या वहीशी जुळायचे. जनुक बदललेल्या यीस्टवर असं नाक नेऊ नये, असं आमच्या जैवसुरक्षा समितीने नंतर लेखी कळवलं. जनुक बदललेल्या जिवांबद्दलच्या १९८९ च्या नियमांनुसार ही समिती करावीच लागते आणि तिच्यात एक डॉक्टर लागतो. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "हे कोणाच्या पोटात गेलं तर?" अण्णा म्हणाले, "काही नाही, पाव खाल्ल्यासारखंच." इतिवृत्तात ते वाक्य आहे.

मग ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेचं पाणी घुसलं, कोल्हापूरकडे हायवे बंद. आमच्या शेडच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही, पण वीज गेली. फ्रीजमध्ये दोन प्रकारचा माल होता. नेहमीच्या यीस्टचे स्लँट कुठेही हलवता येतात. आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक, कराडकडच्या एका डिस्टिलरीचे मॅनेजर, ज्यांना आम्ही पहिल्या कॅनपासून साहेब म्हणतो, त्यांनी फोन करून सांगितलं, "सगळं इकडे पाठवा, माझ्या लॅबचा फ्रीज मोकळा करतो." पण बदललेलं यीस्ट परवानगी घेतलेल्या जागेबाहेर नेता येत नाही. ते शेडमध्येच जगवायचं होतं, जनरेटरवर, आणि डिझेल मिळत नव्हतं. पंप कोरडे. साहेबांनी कारखान्याच्या ट्रॅक्टरवर डिझेलचे कॅन घालून लांबच्या रस्त्याने पाठवले. आम्ही आयुष्यभर यीस्टचे कॅन त्यांच्याकडे पाठवले, त्या आठवड्यात कॅन उलट आले. पैसे विचारले तर म्हणाले, "पुढच्या हंगामात बघू." पुढच्या हंगामात विषय काढू दिला नाही.

यीस्ट वाचलं. धंदा मात्र त्यानंतर बुडायला आला, आणि तो पाण्याने नाही. आमचा एक स्पर्धक आहे, नाव घेत नाही, जाणकार ओळखतील. त्याच्या माणसांनी हंगामाच्या तोंडावर डिस्टिलऱ्यांमधून सांगत फिरायला सुरुवात केली की कुपवाडमधलं जीन बदललेलं यीस्ट पुराच्या पाण्यात मिसळलं, आता ते यांच्या साध्या कॅनमध्येही आहे, नोटीस आली तर डिस्टिलरी सील होईल. एक निनावी अर्जही गेला. तपासणी आली. आमच्याकडे ऑटोक्लेव्हचं (दाबाच्या वाफेने जंतू मारायच्या यंत्राचं) रजिस्टर होतं: प्रत्येक बॅच, १२१ अंश, १५ पौंड, वेळ, सही आणि पानावर चिकटवलेली काळ्या रेघा उमटलेली इंडिकेटर टेप. बाहेर टाकलेला एकेक फ्लास्क आधी मारलेला. तपासणारे रजिस्टर चाळून चहा पिऊन गेले. पण 'सगळं ठीक आहे' याचं पत्र कोणी डिस्टिलऱ्यांना पाठवत नाही. त्या हंगामात राज्यातलं साखर उत्पादनच १०७ लाख टनांवरून ६२ लाख टनांच्या घरात आलेलं, त्यात आमची निम्मी गिऱ्हाइकं गेली. पाचशे लिटरचा प्रोपगेटर (यीस्ट वाढवायची टाकी) विकला, गाडी विकली. पगार थकवले नाहीत, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. साहेबांनी एकही ऑर्डर कमी केली नाही. आता तोच स्पर्धक पत्रकावर 'प्रगत जनुकीय तंत्रज्ञान' छापतो. छापू दे.

नव्या मुलांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. ऑटोक्लेव्ह जुना घेतला तरी चालेल, पीएच प्रोब जुना घेऊ नका. प्लँटवर बिघाड झाला की आधी पाइपचे कोपरे उघडून बघा. लॅक्टोबॅसिलस हा आंबट करणारा जिवाणू तिथे बसलेला असतो आणि शिव्या यीस्टला पडतात. मार्च-एप्रिलमध्ये कूलिंग टॉवरचं पाणी तापतं, तेव्हा छत्तीस-सदतीस अंशांवर उतारा द्यायचं वचन कोणालाही देऊ नका, जनुक कुठलंही असो. बगॅस फुकट मिळेल असं धरून अहवाल लिहू नका, कारखान्यात वीज करणारा कोजनचा बॉयलर तो आधी मागतो. आणि सहकारी कारखान्याला तीन महिन्यांच्या उधारीवर जिवंत माल देऊ नका. यीस्ट परत घेता येत नाही.

२०२२ ला पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉलचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा अण्णांनी ती बातमी कापून मायक्रोस्कोपच्या खोक्यात ठेवली. पुढच्या वर्षी डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली, आठवड्यात ती सैल झाली, आमच्या ऑर्डरी मात्र तेवढ्यात रद्द होऊन बसल्या. त्यातूनही निभावलं. अण्णा आता शेडवर कमी येतात. वहीचं काम माझी मुलगी करते, समितीच्या पत्राप्रमाणे वास न घेता. तिच्या शेवटच्या फेऱ्यांत हायड्रोलायझेट न पातळ करता झायलोज बहुतेक सगळा संपतोय, ही बातमी पायलटवाल्यांना कळवली आहे.

येत्या हंगामासाठी साध्या यीस्टच्या दोन ऑर्डरी पक्क्या आहेत. तिसऱ्या कारखान्याची मागची बाकी अजून यायची आहे. ती खात्यावर दिसल्याशिवाय त्यांचा कॅन भरायचा नाही, असं मुलीला सांगून ठेवलंय.