ट्रकच्या हौद्याएवढी उंची

गेल्या दिवाळीत मी स्वतः रचलेली व्हिडिओ गेमची एक छोटी लेव्हल, म्हणजे खेळाचा एक टप्पा, माझ्या भाच्याला खेळायला दिली. नोकरी सांभाळून, रात्री जागून अनरियल इंजिन या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर केलेले ते हौशी काम होते: शूटर आरपीजीतला (म्हणजे गोळीबाराचा शूटर आणि एखादे पात्र होऊन जगात वावरण्याचा रोल-प्लेइंग गेम यांच्या मिश्रणातला) एक प्रसंग, जागा भुसार मालाचे गोदाम, आणि नायकाने तिथून एक हिशेबाची वही मिळवायची. भाच्याने गोदामाचे दार उघडले, क्षणभर आत पाहिले, तिथल्या तिथे गेम सेव्ह केला आणि मला विचारले, "मामा, इथे आता मारामारी होणार ना?" आत अजून एकही शत्रू दिसत नव्हता. कशावरून म्हणतोस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "इथल्या सगळ्या पेट्या माझ्या कमरेएवढ्याच कशा?"

हा दोष माझा एकट्याचा नाही. भिंतीला किंवा कमरेएवढ्या आडोशाला पाठ लावून, डोके वर काढून गोळ्या झाडण्याची पद्धत २००३ च्या 'किल स्विच'सारख्या खेळांत घडली आणि २००६ च्या 'गिअर्स ऑफ वॉर'नंतर तर तिची साथच आली. निव्वळ शूटरमध्ये ते खपून जाते, कारण तिथे खेळणारा लढायलाच आलेला असतो. आरपीजीत मात्र तो एका जगात वावरत असतो. त्याच दालनात तो कोणाशी बोलतो, काही विकत घेतो, कोणाला फसवतो, आणि म्हणून अर्ध्या उंचीच्या ठोकळ्यांनी भरलेली खोली दिसली की त्या जगाचा रंग उडतो आणि मागचा पुठ्ठा दिसू लागतो.

'मास इफेक्ट' या मालिकेत हे दुखणे स्पष्ट दिसते. २००७ च्या पहिल्या भागात नेम नायकाच्या कौशल्यावर अवलंबून होता. स्नायपर रायफलचे शिक्षण नसेल तर दुर्बिणीतले चित्र इतके डोलायचे की समोरचा माणूस टिपणे नशिबावर सोडावे लागे. २०१० च्या दुसऱ्या भागाने नेम खेळणाऱ्याच्या हाती दिला, आडोसा घेणे बटणावर आणले, आणि लढाई निःसंशय सुधारली. पण त्याच भागात रिकाम्या दालनात ओळीने मांडलेले बुटके कठडे आणि कोपऱ्यात ठेवलेल्या थर्मल क्लिप्स, म्हणजे त्या खेळातला दारूगोळा, पाहिल्या की पुढच्या मिनिटाला काय होणार हे कोणालाही कळत असे.

गंमत म्हणजे याचे उत्तरही त्याच खेळात आहे. ओमेगा या स्थानकावर 'आर्कएंजल' नावाच्या लढवय्याला भाडोत्री सैनिकांच्या तीन टोळ्यांनी घेरलेले असते. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट एका पुलावरून जाते आणि त्या पुलावरही अडथळे आहेतच. पण वेढा घालून बसलेल्या माणसांनी आडोसे उभारले नसते तरच नवल होते. शिवाय तुम्ही भाडोत्री बनून त्या टोळ्यांच्या गोटात आधी हिंडून येता. तिथे एका अवजड यंत्रमानवात बिघाड करून ठेवता येतो, आणि लढाऊ विमानाची दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा काटा काढला, तर नंतर ते विमान अर्धवट दुरुस्त अवस्थेतच तुमच्यावर चालून येते. म्हणजे लढाईचा निकाल पहिली गोळी सुटण्याआधीच थोडासा ठरलेला असतो, आणि तो तुम्ही ठरवलेला असतो. आरपीजीतली लढाई अशी असावी असे मला वाटते: जागेला आधीचे आयुष्य असावे, आणि त्या आयुष्यात खेळणाऱ्याने आधी हात घातलेला असावा.

आडोसे चोख असले तरी शत्रू खोटा वाटू शकतो. २०१६ च्या 'द डिव्हिजन'मध्ये साथीच्या रोगाने ओस पडलेले मॅनहॅटन आहे आणि तिथल्या रस्त्यांवर सोडून दिलेल्या मोटारींइतका नैसर्गिक आडोसा दुसऱ्या कुठल्या खेळात क्वचितच असेल. पण डोक्यावर टोपडे ओढलेला एक साधा लुटारू अख्खे मॅगझिन अंगावर झेलून उभा राहतो, केवळ त्याची लेव्हल, म्हणजे खेळाने त्याला दिलेला ताकदीचा आकडा, वरची आहे म्हणून. आकडे वाढवायचेच असतील तर ते शत्रूच्या कातडीत न वाढवता त्याच्या चिलखतात, संख्येत किंवा हुशारीत वाढवावेत.

हुशारीचा विषय निघाला की मला २००५ चा 'फिअर' आठवतो. तो आरपीजी नाही, पण त्यातले सैनिक टेबल उलथून त्यामागे दडतात, म्हणजे आडोसा स्वतः तयार करतात. त्यांची बुद्धी रचणाऱ्या जेफ ऑर्किन यांनी २००६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यामागची युक्ती मांडली होती. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग असा, की बगलेवरून घेरण्याचा डाव कोणी वेगळा लिहिलेला नव्हता. प्रत्येक सैनिक आपल्यापुरती सुरक्षित जागा शोधत जातो, त्यातून कधी तसा वेढा पडतो, आणि त्यांच्या तोंडच्या आरोळ्यांमुळे आपल्याला ती ठरवून केलेली चाल वाटते. खेळणाऱ्याच्या बाजूने लढणाऱ्या, संगणकाने चालवलेल्या साथीदारांबद्दल मी एवढेच म्हणेन की त्यांनी निदान माझ्या आडोशाच्या जागेवर येऊन बसू नये.

भाच्याच्या प्रश्नानंतर मी सगळ्या पेट्या काढून टाकल्या आणि एका ओळखीच्या आडत्याच्या गोदामात एक सकाळ घालवली. तिथे पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे बाहेरचा फलाट. तो ट्रकच्या हौद्याच्या उंचीला बांधलेला असतो, म्हणजे जमिनीवर उभ्या माणसाच्या साधारण छातीला लागतो. मला खेळासाठी हवी असलेली उंची हमालांच्या सोयीने आधीच बांधलेली होती. आत पोत्यांच्या थप्प्या छपराच्या दिशेने चढत गेलेल्या, आणि ज्या थप्पीतून माल उचलणे चालू आहे ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली. बुटका आडोसा हवा असेल तर तो अर्धवट उचललेल्या थप्पीचाच मिळणार, आणि ती दाराजवळच असणार, कारण कोणताही हमाल आतल्या कोपऱ्यातले पोते आधी उचलत नाही. वजनकाट्यापाशी जागा मोकळी सोडलेली होती. तिथे लपायला काहीच नाही, म्हणून हिशेबाची वही मी काट्याशेजारच्या टेबलावर ठेवली.

नव्या मांडणीत भाचा फलाटावरून वाकून आत शिरला आणि थप्प्यांच्या बोळांतून वहीपर्यंत गेला. पहिली गोळी सुटेपर्यंत त्याने गेम सेव्ह केला नव्हता. माझी अडचण आता वेगळी आहे. गोळी लागल्यावर पोत्यातून ज्वारी सांडावी आणि थप्पी हळूहळू खचावी, असे मी हौसेने करून ठेवले आहे. पण शत्रूसाठी आडोशाच्या जागा मी लेव्हल बांधतानाच खुणा करून ठरवल्या होत्या आणि त्या खुणा थप्पीबरोबर खचत नाहीत. त्यामुळे समोरची पोती रिकामी होऊन जमिनीला टेकली, तरी त्यामागचा पहारेकरी डोके खाली घालून, आपण दिसतच नाही अशा खात्रीने, बंदूक भरत बसलेला असतो.