‘चार’ म्हणजे नक्की किती?

दिवाळीच्या सुट्टीआधी मुलीच्या शाळेतून एक कागद आला. डावीकडे एकपासून दहापर्यंत इंग्रजी आकडे, उजवीकडे फुगे, आंबे, बदकं. वर लिहिलं होतं, ‘जोड्या लावा’. लेक ज्युनियर केजीत, वय चार वर्षं. तिने आकड्यापासून समोरच्या चित्रापर्यंत एकामागून एक दहा सरळ आडव्या रेघा ओढल्या आणि मोठ्या आनंदाने मला दाखवल्या. बाईंनी लाल पेनने शेरा दिला, ‘घरी सराव घ्या’. सराव कसला घ्यायचा हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात गृहपाठ आला, एक ते पन्नास दोन वेळा लिहून आणा. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कारण अंक तिला येत होते. वीसपर्यंत पाठ होते, वन-टूही आणि एक-दोनही. पाहुणे आले की एका दमात म्हणून दाखवायची. वाटीत सात चिंचोके ठेवले आणि ‘मोज’ म्हटलं की एकेकावर बोट ठेवून बरोबर सातपर्यंत जायची. ‘मग किती झाले?’ विचारलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायची. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आपलं चुकतंय म्हणूनच आई परत परत विचारतेय. ती संध्याकाळ आठवली की आजही मला वाईट वाटतं.

त्या रात्री मी शोधून वाचायला बसले. रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच मोजण्याची फोड करून ठेवलेली आहे. अंक ठरलेल्या क्रमाने म्हणणं हे एक कौशल्य. एका वस्तूला एकच अंक देणं हे दुसरं. आणि शेवटी उच्चारलेला अंक त्या शेवटच्या वस्तूचं नाव नसून सगळ्या ढिगाचा आकडा आहे, हे कळणं तिसरं. माझ्या मुलीला पहिली दोन येत होती, तिसरं यायचं होतं. कॅरेन विन यांनी नंतर मुलांना ‘मोज’ न सांगता ‘इतके दे’ असं सांगून पाहिलं. तेव्हा दिसलं की मुलांना आधी फक्त एक कळतो, मग दोन, मग तीन, आणि प्रत्येक पायरीमध्ये काही महिनेही जातात. हे वाचून मला हलकं वाटलं. मूल मागे पडलेलं नव्हतं, कागदच पुढे पळत होता.

दुसऱ्या दिवशी मी ‘मोज’ म्हणणं सोडलं. भातुकलीत गिऱ्हाईक झाले आणि म्हटलं, ‘मला दोन चिंचोके द्या.’ दोन मिळाले. तीन मागितले, जरा थांबून तीन मिळाले. चार मागितले तर मूठभर आले.

चारवर आम्ही अडकलो ते थेट संक्रांतीपर्यंत. कधी मूठभर, कधी सहा, कधी वाटीच उपडी. रोज वेगळा खेळ करून पाहिला. बाहुल्यांना बिस्किटं, जिन्याच्या पायऱ्या, दोरीवर चिमटे. तीनपर्यंत सगळं ठीक आणि चार आला की ढीग. वाचलं होतं की तीनपर्यंतच्या वस्तू न मोजता एका नजरेत कळतात आणि त्यापुढे मोजण्याचा आधार घ्यावा लागतो. कारण कळलं, पण त्यावर करायचं काय ते सुचत नव्हतं. माझी चिडचिड व्हायची, तिला ती कळायची आणि मग ती खेळायलाच नको म्हणायची. तसं झालं की वाटी सरळ उचलून ठेवा. आपल्या हट्टाने दहा मिनिटांच्या वर हा खेळ कधीच नको.

मग एकदा सासूबाई तिला जेवू घालत होत्या. ‘चार घास खाऊन घे गं बाळा,’ असं म्हणून त्यांनी तिला चांगले दहा-बारा घास भरवले. मी ऐकतच राहिले. आपल्या बोलण्यात चार म्हणजे चार कुठे असतात? चार दिवस माहेरी, चार लोक काय म्हणतील, चार पैसे गाठीला. चार म्हणजे थोडे, बरेचसे, मूठभर. या पोरीने जन्मापासून जे ऐकलं तेच ती मला देत होती! हा माझा अंदाज आहे, कुठल्या संशोधनात वाचलेलं नाही. पण सासूबाईंना सांगितलं तर त्यांनाही पटलं आणि पुढचा उपाय त्यांनीच काढला.

त्यांनी ताटात भाताचे मोजून चार मुटके ठेवले. हा चिऊचा, हा काऊचा, हा माऊचा, हा तुझा. चारच. एक खाल्ला की विचारायचं, कुणाकुणाचे राहिले? पाचवा घास हवा असेल तर तो वेगळा मागायचा आणि त्याला ‘पाचवा’ म्हणायचं. घरात सगळ्यांनी ठरवलं की तिच्याशी बोलताना चार म्हणजे चारच आणि दोन मिनिटं म्हणजे घड्याळातली दोनच मिनिटं. हे दुसरं पाळणं मला सगळ्यात जड गेलं.

त्याच दिवसांत दुसरी एक गोष्ट हाती लागली आणि कुणाला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन. मोजून झालं की वस्तूंवर वाटी पालथी घालायची आणि मग विचारायचं, ‘आत किती आहेत?’ डोळ्यांसमोर काही नसल्यामुळे मुलाला परत मोजता येत नाही, शेवटचा अंक आठवावाच लागतो. मग वाटी उचलून दोघांनी मिळून बघायचं. पहिल्या दिवशी तिने वाटीकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाली, ‘तीन?’ वाटी उचलली, तीन होते. त्यानंतर अर्धा तास तिने माझ्याकडून तेच करून घेतलं. संक्रांतीच्या दिवशी शेजारच्या काकूंकडे द्यायला मी चार तिळाचे लाडू मागितले. तिने डब्यातून एकेक काढत चार ठेवले आणि झाकण लावलं. पाच, सहा, सात मग दोन आठवड्यांत आले.

राहून गेलं, घरात अगदी लहान भावंड असेल तर चिंचोके वापरू नका, नाकातोंडात जातात. बाटल्यांची मोठी झाकणं बरी.

लिहिलेले आकडे आम्ही यानंतरच काढले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कार्डांवर एका बाजूला आकडा आणि मागे तितके ठिपके, म्हणजे तिचं तिलाच तपासता येतं. इथे एक घोळ झाला. भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा ४ बघून ती ‘एट’ म्हणायची आणि १ बघून ‘नाईन’. शाळेच्या आकड्यांच्या हिशेबाने ती बरोबरच वाचत होती. म्हणून कार्डांवर आधी शाळेचेच आकडे ठेवले. कॅलेंडरवरचे ‘आजीचे आकडे’ महिनाभराने वेगळा खेळ म्हणून घेतले, मग गोंधळ झाला नाही.

शून्यासाठी माँटेसरीतल्या चात्यांच्या, म्हणजे लाकडी काड्यांच्या, पेटीची नक्कल केली. तिच्यात शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि बरोब्बर ४५ चात्या असतात, प्रत्येक कप्प्यात त्याच्या आकड्याइतक्या ठेवायच्या. कुठे चूक झाली तर शेवटी काडी उरते किंवा कमी पडते, मोठ्यांना बोलावं लागत नाही. मी बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे केले आणि आइस्क्रीमच्या काड्या घेतल्या. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधनं उभी केली होती, तेव्हा विकतची पेटी नाही म्हणून अडायचं कारण नाही. ‘शून्य टाळ्या वाजव’ म्हटलं की ती हात मागे लपवते.

फाशाच्या खेळाला सापशिडीपेक्षा फरशीवर खडूने आखलेली दहा घरांची सरळ पट्टी चांगली. मुलं उभी असलेल्या घरालाच ‘एक’ म्हणतात. त्यापेक्षा घरातला आकडा म्हणत पुढे जायला शिकवा, चारवर असेल आणि फाशावर दोन पडले तर ‘पाच, सहा’.

फेब्रुवारीत पुन्हा तसाच ‘जोड्या लावा’चा कागद आला. लेक स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. प्रत्येक बदकावर चिंचोका ठेवला, सगळे गोळा करून झाकले, ‘सहा’ म्हणाली आणि मग सहाच्या आकड्यापर्यंत तिरकी रेघ ओढली. आठ जोड्या झाल्या, सगळ्या बरोबर, आणि तिला झोप आली. मी बळजबरी केली नाही. बाईंनी शेरा दिला, ‘अपूर्ण’. तो कागद मी तिच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये लावून ठेवला आहे.