तुम्ही विचारलंत म्हणून: भावाला हिमोफिलिया, मग माझ्या मुलांचं काय?

‘भावाला हिमोफिलिया आहे, मी ठणठणीत आहे. माझ्या मुलांना होईल का?’ लग्न ठरताना किंवा पहिल्या गरोदरपणात बहिणी हे हमखास विचारतात. हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार. तो मुलांना होईल का, याचं उत्तर तुमच्या तब्येतीवरून देता येत नाही. सुरुवात तुमच्या आईपासून करावी लागते.

रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठ आणि नऊ या प्रथिनांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. आठ कमी असला तर हिमोफिलिया ए, नऊ कमी असला तर बी. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे त्यातच बिघाड असला की सावरून घ्यायला दुसरी प्रत नाही. स्त्रीचं बहुधा दुसऱ्या एक्सवर भागतं. बिघाड असूनही सहसा आजार नसलेली अशी स्त्री म्हणजे वाहक.

मुलाला वडिलांकडून वाय मिळतो, एक्स येतो तो आईकडूनच. म्हणून वंशावळ काढताना मुलाचे मामा, मावसभाऊ, आईचे वडील, आईचे मामा यांची चौकशी करा; काका-आतेभावांचा इथे संबंध नाही. बाधित पुरुषाकडून त्याच्या एकाही मुलाला आजार जात नाही, मुली मात्र सगळ्याच वाहक होतात. आजोबांचा आजार लेकीच्या मुलात दिसला की लोक म्हणतात, एक पिढी सोडून आला. सोडलं काहीच नाही, मधल्या लेकीकडे तो बिघाड होताच.

आता हिशोब. तुमच्या भावाबरोबर तुमच्या मामालाही आजार असेल, तर आई वाहक हे जवळपास नक्की. मग तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी. वाहक असाल तर प्रत्येक मुलग्याला धोका निम्मा. म्हणजे तपासणीआधी, होणारा मुलगा बाधित असण्याची शक्यता चारात एक. एक निरोगी मुलगा झाला की तुम्ही वाहक असण्याची शक्यता तीनात एकवर येते, दोन झाले की पाचात एक. पण वाहक असालच, तर तिसऱ्या मुलाचा धोकाही निम्माच राहतो. ‘पहिल्याला झाला, आता दुसरा सुटला’ हा हिशोब तर साफ चुकीचा.

सर्वात जास्त घोळ तपासणीत होतो. नुसती फॅक्टरची पातळी मोजून ‘वाहक नाही’ म्हणता येत नाही. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद पडतो (मेरी लायन यांनी हे १९६१ मध्ये मांडलं) आणि ही वाटणी समसमान होईलच असं नाही. त्यामुळे कित्येक वाहकांची पातळी नॉर्मल येते. शिवाय गरोदरपणात फॅक्टर आठ वाढतो. खरी तपासणी जनुकाची, आणि तीही आधी भावाची. त्याच्यातला नेमका बदल सापडला की तुमच्यात तेवढाच शोधायचा. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये जवळपास निम्म्या रुग्णांत जनुकाचा एक तुकडा उलटा बसलेला असतो. नेहमीच्या सीक्वेन्सिंगमध्ये (जनुकाची अक्षरं ओळीने वाचण्याच्या तपासणीत) तो निसटतो, म्हणून त्याची वेगळी तपासणी मागा. भावाचा बदल माहीत नसताना आलेल्या ‘काही आढळलं नाही’ या रिपोर्टवर विसंबू नका.

घराण्यात आधी कुणालाच नव्हता, असे रुग्ण सुमारे एक तृतीयांश असतात. बदल कधी मुलात नव्याने होतो, कधी आईच्या काही बीजांडांपुरताच असतो. या दुसऱ्या प्रकारात आईचं रक्त स्वच्छ येऊनही पुढच्या मुलाला धोका उरतो.

वाहक ठरलात तरी पातळी मोजायचीच, कारण ती ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पाळी, दात काढणं, शस्त्रक्रिया यांत तुम्हालाही जास्त रक्तस्राव होऊ शकतो. बाळंतपणात वाढलेला फॅक्टर नंतर खाली येतो, त्यामुळे उशिरा होणाऱ्या रक्तस्रावावर लक्ष हवं. मुलगा बाधित असू शकेल तर बाळ ओढून काढायचा व्हॅक्यूम आणि चिमटा टाळायला डॉक्टरांना आधीच सांगा. जन्मताच नाळेतल्या रक्तावर फॅक्टर तपासा. बी प्रकारात मात्र फॅक्टर नऊ नवजात बाळांत मुळातच कमी असतो, म्हणून सौम्य आजाराचं निदान काही महिन्यांनी पुन्हा तपासूनच करावं.