गाडीचा पंखा फिरतो, पण काम करतो का?

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारापाशी गाडी रांगेत अडकली की तापते आणि हायवेला लागली की आपोआप निवते. असं होत असेल तर आधी रेडिएटरचा पंखा तपासा. धावत्या गाडीला समोरचा वारा पुरतो. उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर येतो. गाडी वेगात असताना तापत असेल तर मात्र दोष बहुधा दुसरीकडे असतो: थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप), वॉटर पंप, आतून चोंदलेला रेडिएटर किंवा कमी झालेलं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव). चोर्ला घाटात तापली म्हणून लगेच निदान करू नका. तिथे वेगही कमी असतो आणि इंजिनवर ताणही असतो, त्यामुळे दोन्ही शक्यता उरतात.

बॉनेट उघडण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कित्येक गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो. पात्यांना हात लावायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी आवरून घ्या. गरम रेडिएटरचं झाकण तर कधीच उघडू नका.

सर्वात सोपी तपासणी एसीची. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत पंखा फिरायला हवा. पण एवढ्यावर थांबणं ही नेहमीची चूक आहे. एसीच्या हुकुमावर फिरणारा पंखा इंजिन तापल्यावरही फिरेलच असं नाही, कारण तापल्यावरचा हुकूम कूलंटच्या सेन्सरकडून येतो. म्हणून एसी बंद करून गाडी मोकळ्या हवेत न्यूट्रलला चालू ठेवा. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. त्यानंतर साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास पंखा लागतो, तापमान थोडं उतरलं की थांबतो आणि पुन्हा लागतो. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मधोमध अडकवल्यासारखा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून खरं तापमान वाचा. ते १०५ च्या पुढे गेलं आणि पंखा गप्प असला, तर इंजिन लगेच बंद करा.

पंखा फिरतोय, तरी गाडी तापतेय? वहीचा एक कागद ग्रिलसमोर धरा. पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला असेल तर कागद आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. कागद बाहेर उडाला तर मोटरच्या तारा उलट्या जोडल्या आहेत. मोटर किंवा वायरिंग बदलल्यावर हे घडतं, आणि पंखा जोरात फिरताना दिसतो म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरणही पाहा. ते तुटलं असेल तर पंखा कडेची हवा ओढतो, रेडिएटरमधून ओढत नाही.

पंखा उशिरा आणि एकदम मोठ्या आवाजाने लागत असेल, तर दोन वेगांच्या पंख्यात बहुधा कमी वेगाचा रेझिस्टर (करंट कमी करून पंखा हळू फिरवणारा भाग) जळालेला असतो. मोठा वेग शाबूत असल्यामुळे हा दोष महिनोनमहिने लपून राहतो.

मुळीच फिरत नसेल तर आधी फ्यूज तपासा, मग रिले, म्हणजे पंख्याचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच. त्याच क्रमांकाचा दुसरा रिले बदलून पाहणं सर्वात झटपट. तरीही नाही, तर मोटरचा प्लग काढून जाड तारांनी, मध्ये फ्यूज घालून, थेट बॅटरीचा करंट द्या. हे फक्त साध्या दोन तारांच्या मोटरला. कंट्रोल मॉड्यूल असलेल्या मोटरला असा करंट देऊ नका. मोटरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर ती फिरू लागली तर मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बन ब्रश बहुधा झिजलेत. आज फिरली तरी उद्या दगा देईल.

मोटर थेट करंटवर नीट फिरते, मग दोष बहुधा वायरिंगमध्ये. आपल्याकडे किनाऱ्यालगत हे फार दिसतं. प्लग उघडून उजेडात धरा: पितळी पिनेवर हिरवट पूड, एखाद्या टोकाला वितळून तपकिरी झालेलं प्लास्टिक. खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल पिना खाते, रोध वाढतो, प्लग तापतो. पंखा चालू असताना मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी मोटरच्या अर्थच्या (निगेटिव्ह बाजूच्या) पिनेला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे. मीटर करंटवर ठेवून मध्ये जोडू नका. साध्या मीटरची मर्यादा १० अँपिअर, आणि मोटर त्याहून जास्त ओढू शकते. करंट मोजायचा तर तारेभोवती नुसता अडकवायचा डीसी क्लॅम्प मीटर वापरा.

उलटंही होतं: गाडी गार असताना, चावी काढल्यावरही पंखा तासभर फिरतच राहतो. रिलेचे संपर्क चिकटलेत. रिले उपसून काढल्याबरोबर पंखा थांबला तर नवा घाला, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल.